गिटारला चपडीचं पॉलिश: पातळ कसं करायचं, हातानं कसं चढवायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या हातांना चपडीचं पॉलिश पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आम्ही तेच पॉलिश हातानं बनवलेल्या गिटारला करतो. गिटार बनवायला शिकणारी मुलं, वाद्यं दुरुस्त करणारे, घरच्या जुन्या गिटारला पुन्हा उभं करू पाहणारे असे अनेक जण सांगली-साताऱ्याकडून आम्हाला प्रश्न पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मापं ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये दिली आहेत. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो.

१. चपडी, लाख, शेलॅक, फ्रेंच पॉलिश हे सगळं एकच का?

माल एकच आहे. लाखेचे किडे कुसुम, पळस, बोर या झाडांच्या फांद्यांवर राळेचं कवच करतात, ती कच्ची लाख. ती खरवडून, धुऊन लाखदाणा निघतो. तो वितळवून गाळतात आणि पातळ पत्रा ताणून मोडतात, ती चपडी. गोल चकत्या पाडल्या तर बटणलाख. शेलॅक म्हणजे हीच चपडी. फ्रेंच पॉलिश ही चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं (कापडी गोळ्यानं, प्रश्न ११) चढवायची पद्धत आहे. दुकानात त्याच नावानं तयार बाटल्याही मिळतात, त्यांच्याबद्दल प्रश्न ३ पाहा.

२. गिटारसाठी कोणती चपडी घ्यावी?

झारखंड आणि छत्तीसगडमधून येणाऱ्या लाखेत दोन मुख्य जाती असतात, कुसमी आणि रंगीनी. कुसमी लाख फिकट आणि दर्जानं उजवी. स्प्रूस लाकडाच्या पांढऱ्या टॉपला (गिटारच्या समोरच्या फळीला) फिकट, मेण काढलेली चपडी घ्या. शिसम, महोगनी किंवा तुनाच्या पाठीला थोडी गडद, नारिंगी चपडी फार शोभते, लाकडाला ऊब येते.

साध्या चपडीत साधारण चार-पाच टक्के नैसर्गिक मेण असतं. ते वाईट नाही, पण त्यामुळे द्रावण गढूळ दिसतं, चमक किंचित मऊ येते आणि वर दुसरं कोणतंही पॉलिश नीट धरत नाही (प्रश्न १७). मेण काढलेली मिळाली नाही तर घरीच काढता येतं. द्रावण काचेच्या उंच बाटलीत आठ-पंधरा दिवस न हलवता ठेवा. मेण तळाशी बसतं, वरचं स्वच्छ द्रावण अलगद ओतून घ्यायचं.

घेताना पाकिटावरची तारीख विचारा. चपडी कोरडी असली तरी जुनी होते, आणि ब्लीच केलेली पांढरी चपडी तर सगळ्यांत लवकर.

३. हार्डवेअरच्या दुकानातली तयार बाटली का नको?

कपाटाला चालेल. वाद्याला आम्ही वापरत नाही. ती कधी कालवली, किती दाट आहे, तिच्यात स्वस्त राळ मिसळली आहे का, हे बाटलीवर कळत नाही. राळ मिसळलेलं पॉलिश चमकतं झटकन, पण ठिसूळ असतं, आणि उन्हाळ्यात हाताला चिकट लागतं. चपडी आणि स्पिरिट वेगवेगळं आणून आपण कालवलं की नेमकं काय लावतोय हे माहीत असतं. एका गिटारच्या मानानं खर्चही जास्त येत नाही.

४. एवढा त्रास घेण्यापेक्षा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचा स्प्रे का मारू नये?

मारता येतो, बाजारातल्या बहुतेक गिटार तशाच येतात. पण हातानं बनवलेल्या गिटारचा टॉप दोन-अडीच मिलिमीटरचा असतो. ती फळी कारागिरानं बोटानं ठोकून, आवाज ऐकून घासलेली असते. तिच्यावर जाड प्लास्टिकसारखा थर बसवला तर वजन वाढतं आणि हालचाल दबते. चपडीचा थर फार पातळ राहतो. स्पेनमध्ये आजच्या क्लासिकल गिटारचा घाट ज्यानं बसवला त्या आंतोनिओ दे तोरेसच्या काळापासून (१८१७–१८९२) उत्तम क्लासिकल गिटार चपडीच्याच पॉलिशमध्ये येत आल्या आहेत.

दुसरं कारण दुरुस्तीचं. ओरखडा पडला, चमक गेली, तर तेवढ्याच जागी पुन्हा बोळा फिरवता येतो, कारण नवीन चपडी जुन्या चपडीत विरघळून एकजीव होते. पीयूचं तसं होत नाही. पीयूचा टवका उडाला की ठिगळ दिसतंच.

तोटेही स्पष्ट सांगतो. घाम, उष्णता आणि अल्कोहोल हे चपडीचे शत्रू आहेत (प्रश्न १८). रोज तीन-तीन तास घामट हातानं वाजवणाऱ्याची मान आम्ही कधी कधी वेगळ्या पॉलिशमध्ये करतो, आणि टॉपला मात्र चपडीच.

५. कोणतं स्पिरिट वापरायचं? थिनर चालेल का?

थिनर चालत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये चपडी नीट विरघळत नाही, चिकट गोळे होतात. टर्पेंटाइनही नाही.

लागतं ते अल्कोहोल, आणि त्यात पाणी जितकं कमी तितकं बरं. पॉलिशसाठी मिळणारं डिनेचर्ड (पिण्यास अयोग्य केलेलं) स्पिरिट नेहमीचं. केमिकलच्या दुकानात मिळणारं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोलही चपडी विरघळवतं. ते जरा हळू उडतं, त्यामुळे कडक उन्हाळ्यात उलट सोयीचं पडतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं मात्र बिलकूल नको, उरलेलं ३० टक्के पाणीच असतं.

डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं. ते विषारी आहे, त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जातं, डोळ्यांची नजर घालवू शकतं. हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. महाराष्ट्रात स्पिरिटची विक्री आणि साठा दारूबंदी कायद्याच्या नियमांत येतो, म्हणून परवानाधारक दुकानातून, बिल घेऊन, लागेल तेवढंच आणा.

६. किती स्पिरिटमध्ये किती चपडी? सगळीकडे ‘दोन पाउंड कट’ लिहिलेलं असतं, ते आपल्या मापात किती?

ते अमेरिकी माप आहे. एका अमेरिकी गॅलन स्पिरिटमध्ये एक पाउंड चपडी म्हणजे एक पाउंडाचा कट. आपल्या मापात १ लिटर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम. म्हणजे १०० मिलि स्पिरिटला १२ ग्रॅम असेल तर एक पाउंडाचा कट, २४ ग्रॅम असेल तर दोनाचा, ३६ ग्रॅम असेल तर तीनाचा. आम्ही ‘बारा’, ‘चोवीस’, ‘छत्तीस’ असंच म्हणतो, पुढेही तेच म्हणणार आहे.

छत्तीस हे साठवायचं दाट द्रावण, ते थेट लाकडाला लावत नाही. बारा लागतं अस्तराच्या पहिल्या हाताला, म्हणजे उघड्या लाकडावर. चोवीसनं थर उभा करायचा. शेवटी शेवटी ते पुन्हा बारावर आणि सहावर उतरवायचं. दाट द्रावणानं काम लवकर उरकेल असं वाटतं, पण दाट चपडीत बोळा चिकटतो, ओघळ येतात, पट्टे उमटतात, आणि ते घासून काढण्यात दुप्पट वेळ जातो. नवीन शिकणाऱ्यानं चोवीसऐवजी अठरावर काम केलं तरी चालेल. आमच्या मते तेच करावं.

एका पूर्ण गिटारला २५० मिलि स्पिरिट आणि ६० ग्रॅम चपडी घेतली तर पुरून उरतं. आधी ५० मिलिला १२ ग्रॅम एवढंच कालवा आणि त्याच लाकडाच्या तुकड्यावर हात बसवा.

७. द्रावण दाट झालं आहे. किती स्पिरिट घालू?

किती दाट आहे हे माहीत असेल तर हिशोब सोपा. आत्ताच्या आकड्याला हव्या असलेल्या आकड्यानं भागा, त्यातून एक वजा करा आणि उरलेल्याला द्रावणाच्या मिलिलिटरनं गुणा. छत्तीसचं १०० मिलि चोवीसवर आणायचं तर ३६ भागिले २४ म्हणजे दीड, एक वजा केल्यावर अर्धा, म्हणजे ५० मिलि स्पिरिट. चोवीसचं बारा करायचं तर जेवढं द्रावण तेवढंच स्पिरिट.

माहीत नसेल तर काचेवर एक थेंब ठेवून काच तिरकी करा. पाण्यासारखा सरळ धावला तर ते बाराच्या आसपास. संथ, अंगानं सरकला तर चोवीसच्या पुढे. हा अंदाज आहे, पण चार वेळा माहीत असलेल्या द्रावणावर पाहून ठेवला की डोळा बसतो. नेहमी दाटात स्पिरिट घाला. पातळात कोरडी चपडी टाकून दाट करायला गेलात तर ती विरघळायला पुन्हा रात्रभर थांबावं लागतं.

८. चपडी विरघळतच नाही, तळाशी जेलीसारखा गोळा राहतो. काय चुकतं?

तीनांपैकी एक. स्पिरिटमध्ये पाणी आहे, किंवा चपडी जुनी आहे, किंवा घाई झाली.

चपडी आधी खलबत्त्यात जाडसर कुटा, स्पिरिटमध्ये टाका आणि पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी बाटली हलवा. न हलवता ठेवली तर चपडी तळाशी एकमेकींना चिकटून दगड होते. मग रात्रभर ठेवा. थंडीत बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करता येते, झाकण किंचित सैल ठेवून. गॅसवर किंवा गॅसजवळ कधीही नको, स्पिरिटची वाफ लांबून पेट घेते.

दुसऱ्या दिवशीही रबरासारखा गोळा राहिला तर चपडी जुनी झाली आहे, ती टाकून द्या. गाळून वरचं वापरायचा मोह आवरा, कारण जे विरघळलंय तेही नीट सुकणार नाही. चांगलं विरघळलेलं द्रावण मात्र मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळूनच घ्या, लाखेत काटक्या आणि कचरा असतो.

बाटली काचेची घ्या. लोखंडी डब्यात चपडी ठेवली तर ती लोखंडाशी धरते आणि काळपट पडते.

९. कालवलेलं पॉलिश किती दिवस टिकतं?

सावलीत, घट्ट झाकणात सहा महिने आम्ही निर्धास्त वापरतो. त्यानंतर प्रत्येक वेळी चाचणी घेतो. काचेवर एक थेंब पसरून रात्रभर ठेवायचा. सकाळी नख रुतलं नाही, कडक पापुद्रा निघाला, तर माल चांगला. चिकट लागला किंवा नखाचा ठसा राहिला तर बाटली रिकामी करा. स्पिरिट आणि चपडी यांच्यात हळूहळू रासायनिक क्रिया होत राहते आणि चपडीची कडक होण्याची ताकद जाते. ती कशानंही परत येत नाही. बाटलीवर तारीख आणि आकडा लिहा, आणि शाईपेन न वापरता पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून चिकटवा. स्पिरिटचा एक ओघळ शाई पुसून टाकतो.

१०. पॉलिशआधी लाकूड किती घासायचं? छिद्रं भरावी लागतात का?

३२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. मग ओल्या फडक्यानं एकदा पुसा, तंतू उभे राहतात, सुकल्यावर ४०० नंबरनं हलकेच खाली बसवा. खिडकीजवळ नेऊन तिरक्या उजेडात पाहा. पॉलिशनं चुका झाकल्या जात नाहीत, चमक आली की प्रत्येक ओरखडा उठून दिसतो.

स्प्रूस आणि सीडरला छिद्रं भरायची गरज नाही. शिसम, महोगनी, तून यांना लागते. जुनी रीत प्युमिसची (ज्वालामुखीच्या हलक्या दगडाची): बारीक प्युमिस पावडर चिमूटभर, बोळ्यात स्पिरिट आणि किंचित चपडी, आणि गोल गोल दाबून घासायचं. पावडर लाकडाचाच भुसा काढते आणि तोच चपडीत कालवून छिद्रांत बसतो, त्यामुळे रंग आपोआप जुळतो. टॉपच्या फिकट फळीवर मात्र प्युमिस नेऊ नका, मऊ लाकडात करडी झाक राहते.

११. बोळा कसा बनवायचा?

आत लोकरीचा किंवा जुन्या धुतलेल्या सुती बनियनचा गोळा, अक्रोडाएवढा. बाहेर धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती कापड, धोतराचं असलं तर उत्तम, कारण त्याचा धागा सुटत नाही. कापड पिळून वर गाठ मारा म्हणजे तळ गुळगुळीत राहतो. तळाला एकही सुरकुती नको, सुरकुती म्हणजे पॉलिशवर रेघ.

पॉलिश बाहेरच्या कापडाला लावायचं नसतं. कापड उघडा, आतल्या गोळ्यावर थेंब थेंब घाला, पुन्हा बांधा आणि कागदावर दाबून जास्तीचं काढा. तळहाताच्या मागच्या बाजूला टेकवला तर गार लागावा, ओला लागू नये. काम संपल्यावर झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन थेंब स्पिरिटसह ठेवा, पुढच्या गिटारलाही चालतो. चांगला मुरलेला बोळा नव्यापेक्षा सरस काम देतो. टॉपचा, पाठीचा आणि प्युमिसचा बोळा वेगवेगळा ठेवा (कारण प्रश्न १५ मध्ये).

१२. हात नेमका कसा फिरवायचा?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि लिहून सांगायला सगळ्यांत अवघड.

पहिले दोन-तीन हात बाराच्या द्रावणाचे, रेषेच्या दिशेनं सरळ, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. हे अस्तर. तासाभरानं ४०० नंबरनं नुसता खरखरीतपणा काढा.

मग चोवीस किंवा अठरा घेऊन थर उभा करायला लागा. बोळा हलता असतानाच लाकडाला टेकवायचा आणि हलता असतानाच उचलायचा. ज्या क्षणी तो फळीवर थांबेल, त्या क्षणी खालची चपडी विरघळून कापडाला धरेल आणि जागा फाटेल. आधी लहान गोल, मग मोठे गोल, मग इंग्रजी आठच्या आकाराचे फेर, शेवटी सरळ. एकाच जागेवरून लगेच पुन्हा पुन्हा जाऊ नका. कडा आपोआप कमी मिळतात आणि मधला भाग जास्त, म्हणून प्रत्येक फेरीत कडांपासून सुरुवात करा. बोळा ताजा असताना दाब हलका, सुकत जाईल तसा दाब वाढवा.

प्रमाण बरोबर असलं की बोळ्यामागे आरशावर सोडलेल्या श्वासासारखी पुसट वाफ उमटते आणि दोन सेकंदांत विरते. ती दिसली नाही तर बोळा कोरडा पडलाय. विरत नसेल, ओला पट्टा राहत असेल, तर पॉलिश जास्त आहे. आम्ही शिकणाऱ्याला आधी हेच पाहायला लावतो, चमकेकडे बघूच देत नाही.

बोळा ओढल्यासारखा लागायला लागला की थांबा. बळजबरी करू नका. तेलाचा एक थेंब द्या (प्रश्न १३) किंवा त्या दिवसाचं काम थांबवा. कुठे फाटलं तर त्याच वेळी दुरुस्त करायला जाऊ नका, ओल्यावर जितकं फिरवाल तितकं पसरेल. रात्रभर सुकू द्या, सकाळी ६०० नंबरनं तेवढंच सपाट करा आणि पुढे चला.

१३. तेल कोणतं आणि किती?

बोळा सरकण्यापुरतं. बोटाच्या टोकानं बोळ्याच्या तळाला टिपका, बास. जवसाचं तेल किंवा औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, दोन्ही चालतात. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि पॉलिशखाली दुधाळ डाग ठेवतं.

तेल हे पाहुणं आहे, ते शेवटी बाहेर काढावं लागतं. त्यासाठी अखेरच्या दिवशी जवळजवळ कोरड्या, स्वच्छ बोळ्याला दोन-तीन थेंब स्पिरिट द्यायचं आणि रेषेच्या दिशेनं हलकेच, भरभर सरळ फिरवायचं. तेलाची धुरकट झाक निघून खरी चमक वर येते. स्पिरिट जास्त झालं तर आठवड्याचं काम एका फटक्यात उतरतं, म्हणून हा हात आधी पाठीवर करून पाहा, टॉपवर नंतर.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग टाका.

१४. पावसाळ्यात पॉलिश करता येतं का? माझ्या गिटारवर पांढरट झाक आली आहे.

हवेत ओल असली की स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. पांढरी झाक तीच. जून ते सप्टेंबर आम्ही टॉपचं काम टाळतो. महाबळेश्वर, पाचगणीकडच्या लोकांनी तर पूर्ण पावसाळा सोडूनच द्यावा. करायचंच असेल तर साधा आर्द्रतामापक भिंतीला लावा आणि ७० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा बाटली उघडू नका. दुपारी पाऊस उघडल्यावरचे दोन-तीन तास त्यातल्या त्यात बरे.

आलेली झाक बहुधा वरच्या थरातच असते. कोरडा दिवस पाहून, ९९ टक्क्यांच्या स्पिरिटचे थोडे थेंब देऊन बोळा फिरवला की अडकलेलं पाणी निघून जातं.

एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण येते. चाळिशीच्या उन्हात स्पिरिट बोळ्यातच उडतं आणि हात ओढतो. तेव्हा सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा, द्रावण बारा-अठरावर ठेवा.

१५. शिसमचा जांभळा रंग पांढऱ्या टॉपवर उतरला. आता?

शिसम आणि पडौक यांचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो. पाठीवरून बोळा किनारीच्या मेपल पट्टीवर किंवा टॉपवर गेला की रंग सोबत जातो. लगेच लक्षात आलं तर धारदार पट्टीनं त्या पट्टीवरचा वरचा थर खरवडा, स्पिरिटनं पुसायला गेलात तर रंग आणखी आत जाईल. टॉपवर पसरला असेल तर सुकू देऊन घासणं हाच मार्ग.

मुळात टाळायचं कसं: आधी टॉपला आणि किनारपट्ट्यांना बारीक ब्रशनं बाराचे दोन हात द्या, ते सुकले की मगच शिसमला हात लावा. पहिले हात पट्टीपासून लांबच्या दिशेला ओढायचे. फेल्टपेनाच्या खुणाही अशाच पसरतात, म्हणून पॉलिशआधी लाकडावर पेन्सिलच.

१६. घोडी आधी चिकटवावी की पॉलिश आधी?

पॉलिश आधी, पण घोडीखालची जागा उघडी ठेवून. गिटारच्या घोडीवर तारांचा सगळा ताण येतो आणि गोंद चपडीला नव्हे, लाकडाला धरायला हवा. घोडीच्या आकारापेक्षा एक मिलिमीटर आत चिकटपट्टी लावून ठेवा, पॉलिशनंतर काढा, कडा पात्यानं साफ करा. फिंगरबोर्ड आणि घोडी यांना चपडी लावत नाही, तिथे किंचित तेल पुरे.

१७. जुन्या गिटारवर कोणतं पॉलिश आहे ते कसं ओळखायचं? त्यावर चपडी चालेल का?

मानेच्या टाचेखाली (मान खोक्याला जुळते तिथे), दिसणार नाही अशा जागी कापसाच्या काडीनं स्पिरिटचा थेंब टेकवा. मऊ, चिकट झालं तर चपडी. झालं नाही तर थिनरचा थेंब: विरघळलं तर एनसी लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू किंवा पॉलिएस्टर.

चपडीवर चपडी बेधडक चढते. पूर्ण सुकलेल्या लॅकरवरही, मेण पुसून हलकं घासल्यावर, धरते. उलट दिशेला जाताना मात्र जपा: चपडीवर पीयू मारायचा असेल तर खालची चपडी मेण काढलेलीच हवी, नाहीतर पीयू सोलून निघतो. आणि अनोळखी जुनं, किंमती वाद्य असेल तर चाचणीपलीकडे काही करू नका. मूळ पॉलिश उतरवणं म्हणजे त्या वाद्याचा इतिहास उतरवणं. मिरजेत अनुभवी हात आहेत, आधी दाखवून घ्या.

१८. रोजची काळजी काय घ्यायची?

वाजवून झालं की सुती मऊ फडक्यानं घाम पुसा. सिलिकॉनचे स्प्रे पॉलिश नकोत. हाताला सॅनिटायझर लावून लगेच गिटार उचलू नका, त्यात सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल असतं आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात. अत्तर, बॉडी स्प्रे, मच्छरांचं मलम यांचंही तेच. गरम चहाचा कप टेकवला तर पांढरं वर्तुळ येतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलीत तर पॉलिश मऊ पडून केसच्या मखमलीची नक्षी त्यावर उठेल.

१९. पूर्ण कधी सुकतं? केसमध्ये कधी ठेवू?

हाताला काही मिनिटांत कोरडं लागतं, पण आत स्पिरिट बराच काळ राहतं. दिवसाला एकच बैठक घ्या, रात्रभर थांबा. शेवटच्या हातानंतर तीन ते चार आठवडे गिटार टांगून ठेवा, मगच केसमध्ये. पहिल्या पंधरा दिवसांत थर खाली बसतो आणि छिद्रं पुन्हा पुसट दिसू लागतात. ते स्वाभाविक आहे. तेव्हा ८०० नंबरनं अगदी हलकं घासून शेवटचे एक-दोन पातळ हात दिले की पृष्ठभाग खरा सपाट होतो.

२०. ब्रशनं किंवा स्प्रेनं चपडी लावली तर?

अस्तरापुरता ब्रश चालतो, मऊ केसांचा, आणि एकाच जागी दोनदा न फिरवता. स्प्रेही चालतो. पण थर जाड होतो, आणि पातळ थरासाठीच तर चपडी निवडली होती.

२१. तंबोऱ्याच्या भोपळ्यालाही हीच रीत का?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. तुनाची तबली (भोपळ्यावरची पुढची फळी) आणि दांडी गिटारच्या पाठीसारखीच हाताळा. भोपळा, जो पंढरपूरच्या बाजूनं येतो, वेगळा आहे. त्याच्या सालीला रेषा नाही, छिद्रं नाहीत, त्यामुळे भरणं नको. साल गुळगुळीत असल्यानं पहिला हात धरत नाही, म्हणून ३२० नंबरनं चमक उतरवून मगच बाराचा हात द्या. बोळा लहान घ्या, गोलाईवर मोठा बोळा नुसत्या मध्यावरच टेकतो. रंग द्यायचा असेल तर स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग चपडीतच कालवून पातळ पातळ हातांनी चढवा, एका दाट हातात दिलात तर डाग दिसतात.

जाता जाता एक गोष्ट. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ज्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर आपल्यापर्यंत आलं, त्या तबकड्याही लाखेच्याच होत्या. ज्या तंबोऱ्यांच्या सुरात ते गायले आणि ज्या तबकडीनं तो सूर धरून ठेवला, दोन्हींना एकाच किड्याचा हात लागला आहे. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

२२. गिटार पुराच्या पाण्यात भिजली. पॉलिश पांढरं पडलंय. पुन्हा पॉलिश करू का?

लगेच नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरात सांगलीत घराघरांत पाणी शिरलं, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे दर दोन-तीन पावसाळ्यांनी येतोच.

आधी तारा पूर्ण सैल करा. गाळ ओल्या फडक्यानं टिपून घ्या, घासू नका, गाळात वाळू असते. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, फळ्या फाटतात. पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, सावलीत आडवी ठेवा आणि दर आठवड्याला वजन करून लिहा. वजन कमी होणं थांबेपर्यंत लाकडात ओल आहे. त्यावर चढवलेलं पॉलिश बुडबुडे धरेल. याला दोन-तीन महिनेही लागतात.

मग सांधे तपासा. सरसानं जोडलेली गिटार असेल तर सरस पाण्यात सुटलेला असतो. आतून आरसा घालून पट्ट्या पाहा, बोटानं ठोका. कुठेही खडखड आली तर आधी जोडणी, पॉलिश त्यानंतर. सांधे घट्ट असतील आणि पृष्ठभाग नुसता पांढरट असेल, तर प्रश्न १४ मधला स्पिरिटचा बोळा फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं पांढरेपणा जातो. पापुद्रे सुटले असतील तर तेवढी जागा ४०० नंबरनं उघड्या लाकडापर्यंत न्या, बाराचे दोन हात द्या, आणि भोवतालच्या जुन्या पॉलिशच्या उंचीला येईपर्यंत अठराच्या द्रावणानं भरत जा.